प्रस्तुत संशोधिकेचे निरीक्षण

माणसाला आयुष्यात काय करायचं आहे, हे मी पोटापाण्यासाठी लिहून देत असे.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. सुरुवातीला नुसते टाइपरायटर होते. मुलं-मुली परीक्षेसाठी शिकायला यायची, म्हणून अजूनही बरेच लोक मला ‘सर’ म्हणतात. मग संगणक आले, टाइपरायटर भंगारात गेले आणि पाटी बदलली. डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. ‘मजकूर आम्ही तयार करून देऊ’ असं पाटीवर कुठंही नव्हतं. खरा धंदा मात्र तोच होता, आणि तो मी कधी कुणाला सांगितला नाही. लोकांना वाटतं, टायपिंगवाला म्हणजे समोर ठेवलेलं बघून बोटं चालवणारा माणूस. मीही ते तसंच वाटू दिलं.

या अंकाच्या संपादकांनी ‘दुकानातल्या गमतीजमती लिहा’ असं सुचवलं. गमती आहेत, त्या सांगतो. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्याचा मला हक्क नाही, आणि ती नेमकी कुठून सुरू होते हेच मला अजून कळलेलं नाही. त्यामुळं हे लिखाण थोडं इकडंतिकडं जाईल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी धंदा काय होता ते. मोठ्या संस्थेत पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करायचा तर नुसते गुण पुरत नाहीत. तुम्हाला हेच का शिकायचं आहे, शिकून काय करणार, याचं एक पानभर निवेदन द्यावं लागतं. सोबत दोन शिफारसपत्रं. अभ्यासक्रम संशोधनाचा असेल तर त्याशिवाय एक आराखडा लागतो. कोणत्या प्रश्नाचा शोध घेणार, कसा घेणार. हे सगळं इंग्रजीत. माझ्याकडं माढ्याहून, माळशिरसहून, होटगीहून मुलं यायची. हुशार असायची, पण स्वतःबद्दल पानभर लिही म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. स्वतःबद्दल चार चांगले शब्द लिहायची आपल्याकडं कुणाला सवय नसते. मला होती, कारण ते माझ्याबद्दल नसायचं.

शिफारसपत्राची रीत तर सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुणी बोलत नाही. ज्यांनी शिफारस करायची ते म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.” मग मुलगा माझ्याकडं येतो. त्यामुळं अनेक प्राचार्यांच्या, व्यवस्थापकांच्या आणि संचालकांच्या तोंडून मी बोललो आहे. ‘माझ्या दीर्घ अध्यापनाच्या काळात असा विद्यार्थी मी क्वचितच पाहिला’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं, की मला स्वतःला शिकवल्यासारखं वाटायला लागलं होतं.

माळशिरसकडचा एक जण साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होता. म्हणजे कामगारांची हजेरी बघणारा. तो येऊन म्हणाला, “साहेब म्हणले, लिहून आण, पण लई चांगलं लिहू नको. तिकडं घेतलं तुला, तर हितं हजेरी कोण बघणार?”

“मग कसं लिहू?”

“तिकडच्यांना चांगलं वाटंल आन सायबाला कळणार न्हाय, असं लिवा की.”

लिहिलं. साहेबांनी एका भारी इंग्रजी शब्दावर बोट ठेवून “ह्यात काही लफडं न्हाय ना?” एवढंच विचारलं आणि सही केली. पोराला प्रवेश मिळाला.

जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचं, नवी फाइल करायची, ही आमच्या धंद्यातली पद्धत. त्यात कधीतरी घोटाळा होतो. एका रुग्णालयातल्या सिस्टरबाईंच्या पत्रात मागच्या मुलाची कबड्डी संघाची कप्तानकी तशीच राहून गेली. बाई परत आल्या तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “मुलाखतीत कबड्डीवरच विचारलं की हो सर.”

“मग?”

“मग काय? म्हटलं, हो, खेळायचे.”

“खेळायचात?”

“शाळेत. एकदा. पडले होते.”

माझ्याकडं सर्वांत जास्त अर्ज यायचे ते मनुष्यबळ विकास या विषयाचे. सोलापुरात टॉवेल-चादरीचे कारखाने, जिल्ह्यात साखर कारखाने, शिवाय रुग्णालयं, पतसंस्था. जिथं माणसं कामाला आहेत तिथं त्यांची व्यवस्था बघणारं कुणीतरी ऑफिसात बसलेलं असतं, आणि त्याला एक पायरी वर चढायचं असतं. हा विषय काय आहे ते मी इतक्या वेळा लिहिलं, की तो मला समजला आहे असं वाटू लागलं. पूर्वी कामगार अधिकारी असायचा. तो रजा, हजेरी, भांडणं बघायचा. मनुष्यबळ विकासवाले म्हणतात, कामावरचा माणूस शिकतो, वाढतो, वरची जबाबदारी घेऊ शकतो, तर ते कसं घडवायचं ते बघू. आणि यातला संशोधनाचा अभ्यासक्रम म्हणजे पुस्तकं वाचून पेपर लिहायचे नाहीत. एक प्रश्न घेऊन आत जायचं आणि तो धरून बसायचं. हे मी एकदा घरी समजावून सांगितलं तर आमची ही म्हणाली, “प्रश्न धरून बसायला कॉलेज कशाला लागतं? घरी कमी आहेत का?”

आराखड्याचा माझा साचा ठरलेला होता. पहिल्या परिच्छेदात देश, मग सोलापूर, मग समस्या, मग समस्येचं कारण, शेवटी उपाय. कारणाच्या जागी एक वाक्य पक्कं बसवलेलं होतं. अमुक-तमुक कर्मचाऱ्यांमध्ये ‘आत्मविश्वासाचा आणि नेतृत्व करण्याच्या इच्छेचा अभाव आढळतो, असे प्रस्तुत संशोधकाचे निरीक्षण आहे.’ इंग्रजीत ते फार भारदस्त दिसायचं. ते मी कुठून उचललं होतं, आठवत नाही. शिक्षकांना ते चाललं, परिचारिकांना चाललं, बसच्या वाहकांनाही चाललं. कुणी तक्रार केली नाही. ज्यांच्याबद्दल ते असायचं, ते वाचायला यायचेच नाहीत.

आता ती गोष्ट.

मुलीचं नाव इथं अंबिका आहे. खरं नाव दुसरं, ते घालायचं नाही अशी तिचीच अट आहे. अक्कलकोट रोडकडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती ऑफिसात कामाला होती. त्याच कारखान्यात शिलाई विभागात तिची आई नरसूबाई टॉवेलच्या कडा शिवायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, ऑफिसात थोडं इंग्रजी. मुंबईच्या एका संस्थेत मनुष्यबळ विकासाच्या संशोधनाच्या अभ्यासक्रमाला तिला अर्ज करायचा होता. तिनं तिचा प्रश्न मराठीत लिहून आणला होता, पाव पानभर.

तिच्या कारखान्यानं शिलाईच्या बायकांना पर्यवेक्षक करायचं ठरवलं होतं. म्हणजे सुपरवायझर. प्रशिक्षण दिलं, प्रमाणपत्रं दिली, काही बायका सुपरवायझर झाल्या. आणि थोड्याच महिन्यांत एकेक करून परत मशिनीवर येऊन बसल्या. मी वाचलं आणि म्हणालो, “बरं, का आल्या परत?”

“तेच शोधायचंय सर.”

“तुला काय वाटतं?”

“मला माहीत नाही.”

“तुझी आईपण होती ना त्यात? तिला विचार की.”

“विचारलं. अम्मा म्हणते, असंच. बाकीच्या पण म्हणतात, असंच.”

“अगं, पण कारण लिहावं लागेल. कारणाशिवाय आराखडा कसा होईल?”

“माहीत असतं तर शोधायला कशाला गेले असते सर?”

मला ती हट्टी वाटली. पुढं तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, उद्या ये, तयार ठेवतो. साचा उघडला. देश, सोलापूर, समस्या. कारणाच्या जागी ते वाक्य होतंच. ‘महिला शिलाई कामगारांमध्ये’ एवढं घातलं, इंग्रजीतल्या ‘हिज’चं ‘हर’ केलं, म्हणजे ‘संशोधकाचे’ होतं तिथं ‘संशोधिकेचे’ झालं, आणि छापलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते उभ्यानं वाचलं. त्या वाक्याशी थांबली.

“सर, हे मी म्हटलं नव्हतं.”

“असंच लिहायचं असतं.”

“पण मी असं कधी बघितलेलं नाही.”

“अंबिका, मी किती जणांचं करतो? सगळ्यांचं असंच जातं. रिकामी जागा दिसली तर म्हणतील, हिनं अभ्यासच केलेला नाही.”

तिनं कागद काउंटरवर ठेवला. मग सही केली. ती सही तिनं का केली हे मी आजवर अनेकदा मनात उलटंसुलटं करून पाहिलं आहे. तिला इंग्रजी वाचता येत होतं, वाक्य समजलं होतं, तिला पटलं नव्हतं. मग जबाबदारी कुणाची? असं म्हणून मी काही दिवस सुटायचा प्रयत्न केला. पण मी तिचा ‘सर’ होतो. टाइपरायटरवर बोटं कुठं ठेवायची हे तिला मीच शिकवलं होतं.

मुलाखतीत काय झालं ते तिनं नंतर फोनवर सांगितलं. तिथल्या बाईंनी विचारलं, “तुम्ही कारण आधीच लिहिलंय. मग संशोधन कशाचं करणार?” ती म्हणाली, “हे वाक्य माझं नाही. आमच्याकडं टायपिंगच्या दुकानात घालतात. मला कारण माहीत नाही.” त्या हसल्या म्हणे, आणि मग पुढचा सगळा वेळ तिचा पाव पानाचा प्रश्न विचारत बसल्या. तिला घेतलं. फोनवर हे ऐकून मला आनंद झाला, आणि राग पण आला. त्या लोकांपुढं माझी फजिती केली असं वाटलं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं, कुणास ठाऊक.

इथवर असतं तर गमतीच्या गोष्टींत बसलं असतं. पण नोकरी करणाऱ्याला अर्जासोबत मालकाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यासाठी आराखड्याची एक प्रत कारखान्यात द्यावी लागते. तशी प्रत दिली गेली होती. तिथल्या एचआर विभागाचे प्रमुख, त्यांना इथं देशमाने म्हणू, त्यांनी ती वाचली. सुपरवायझरचं प्रशिक्षण बंद करायचा विचार त्यांच्या डोक्यात आधीपासून होता की ते वाक्य वाचून आला, हे मला सांगता येत नाही. मी विचारलं, तर त्यांनाही सांगता आलं नाही. पण शिलाई विभागात सगळ्या बायकांना उभं करून त्यांनी ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. म्हणाले, “हे मी म्हणत नाही, तुमच्यातल्याच मुलीनं अभ्यास करून लिहिलंय.” आणि प्रशिक्षण बंद झालं.

नरसूबाई त्या रांगेत उभ्या होत्या.

अंबिका तोवर मुंबईला गेली होती. वर्षभरानं ती संशोधनासाठी परत आली. तिला त्याच बायकांशी बोलायचं होतं. तिचा सगळा अभ्यास त्यांच्या बोलण्यावर उभा राहणार होता. बायका तिच्याशी बोलेनात. डबा खायच्या सुट्टीत ती जवळ बसली की उठून जायच्या. तिनं सांगून पाहिलं, ते मी लिहिलेलं नाही, टायपिंगवाल्या सरांनी घातलं. त्यावर त्या म्हणाल्या, “टायपिंगवाला मनचं कशाला घालंल? त्याला काय पडलंय आमचं?”

बरोबरच होतं त्यांचं.

ती माझ्याकडं आली. दुकानात झेरॉक्सला गर्दी होती. म्हणाली, “सर, एकदा येऊन तुम्ही सांगाल का? तुम्ही सांगितलं तर ऐकतील. नाहीतर मला विषय सोडावा लागेल.”

मी म्हणालो, “बघू.”

हे ‘बघू’ मला आता पुढचं लिहू देत नाही. खरं सांगायचं तर मी हिशोब केला. माझं म्हणून ते वाक्य मी कबूल केलं, की उद्या लोक विचारणार, मग बाकीची कुणाची? गावात ज्यांच्या पाट्यांवर आज पदव्या आहेत, त्यातल्या कितीतरी जणांचे हेतू माझ्या दुकानात टाइप झाले आहेत. ते मला रस्त्यात भेटले की मान हलवतात, मी पण हलवतो, तेवढ्यावर सगळं चाललेलं असतं. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की, ते वाक्य कदाचित खरं असेल. इतक्यांना लागू पडलं ते उगीच का? हे वाटणं किती वाईट होतं ते आज कळतं. तेव्हा मात्र तसं वाटत होतं, ही नोंद राहू दे.

ती आणखी एकदा आली, या वेळी घरी. मी आमच्या हिला सांगून ‘बाहेर गेलेत’ म्हणायला लावलं. हिनं तसं सांगितलं आणि आत येऊन म्हणाली, “त्या पोरीनं तुमच्या चपला बघितल्या दाराशी.”

त्यानंतर पावसाळा सरत आला असताना एक बाई दुकानात आल्या. आधार कार्डाची झेरॉक्स द्या म्हणाल्या. मी काढून दिली. पैसे देऊन झाले तरी त्या उभ्याच.

“तुमीच का ते, अंबिकाला टायपिंग शिकवलेले?”

मी हो म्हणालो. मग नाव वाचलं झेरॉक्सवर. नरसूबाई.

मला वाटलं आता बोलतील. त्यांनी दुकानातल्या खुर्चीकडं बघितलं, मी बसा म्हणालो, बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोरगी लई वाळली हो. तिकडं मेसचं जेवण गोड नसंल.”

“तुमच्याशी बोलतात का कारखान्यात?” मी विचारलं.

“कोण?”

“बाकीच्या बायका.”

“बोलत्यात की. मशिनीचा दोरा तुटला तर बोलत्यात. डबा खाताना न्हाय.” आणि पिशवीचं तोंड उघडत, “मी माझं खाते. भिंतीकडं तोंड केलं की पंख्याचा वारा चांगला लागतो.”

झेरॉक्स घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली आणि गेल्या. आधार कार्डाची झेरॉक्स कारखान्याच्या दारातही मिळते. त्या एवढ्या लांब का आल्या असतील, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालो नव्हतो.

आधी देशमान्यांकडं गेलो. मला वाटलं, जिथून वाक्य वाचलं गेलं तिथंच ते दुरुस्त करावं. त्यांनी चहा मागवला. मी सरळ सांगितलं, ते निरीक्षण अंबिकाचं नव्हतं, माझं होतं, आणि मीही काही निरीक्षण केलेलं नव्हतं. शिलाई विभाग मी जन्मात बघितलेला नाही.

देशमाने हसले. “काका, वाक्य कुणाचं का असेना, बरोबर आहे ना?”

“मला माहीत नाही.”

“मग झालं तर. आम्हाला अनुभव आहे, तो तुमच्या वाक्याशी जुळला.” मग आवाज खाली करून म्हणाले, “आणि काका, माझ्या डिप्लोमाच्या वेळचं निवेदन पण तुम्हीच लिहिलं होतं की. ‘लहानपणापासून माणसांच्या विकासाची तळमळ.’ ते पण खोटं होतं का मग?”

ते खोटं होतं का, ते त्यांना माहीत असायला हवं होतं. पण ते खरोखर विचारत होते. त्यांना ऐकायचं होतं. मी म्हणालो, “तुम्ही साहेब झालात, म्हणजे असणार काहीतरी.” पुन्हा एकदा मी मोकळ्या जागेत वाक्य घातलं होतं, हे मला जिना उतरताना लक्षात आलं.

त्यांनी एक केलं, डब्याच्या सुट्टीत बायकांना भेटायला परवानगी दिली.

कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथं बायका डबे उघडून बसल्या होत्या. ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, एकीनं चिंचेचं वरण आणलेलं. नरसूबाई कडेला, भिंतीकडं तोंड करून. अंबिकाला मी मुद्दाम आणलं नव्हतं. मी उभा राहून बोलू लागलो आणि पहिल्याच वाक्याला अडकलो, कारण माझं बोलणं लिहिल्यासारखं येत होतं. मग म्हणालो, “त्या दिवशी साहेबांनी तुम्हाला जे वाचून दाखवलं, ते त्या पोरीनं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. ती नको म्हणत होती.”

कुणी घास थांबवला नाही.

“तुमाला पाठवलं का तिनं?” शांताबाई म्हणाल्या. सुपरवायझर होऊन परत आलेल्यांतल्या त्या पहिल्या, हे मला नंतर कळलं.

“नाही. तिनं बोलावलं होतं तेव्हा मी आलो नाही.”

“मग आज का आला?”

नरसूबाईंकडं बघू नये एवढं भान होतं.

“बरं, आमाला धीर न्हाय, हे तुमाला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही.”

“मग लिवलं कसं?”

“सगळ्यांचं तेच लिहायचो.”

“सगळ्यांचं?”

“मास्तरांचं, सिस्टरांचं. सगळ्यांचं.”

यावर एक तरुण बाई हसली. “म्हंजे सोलापुरात कुणालाच धीर न्हाय का काय?” मग दोघी-तिघी हसल्या. मी पण हसलो, तशी शांताबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि माझं हसू राहिलं तिथंच राहिलं.

मी आणखी एक चूक केली. विचारलं, “मग तुम्ही परत मशिनीवर का आलात?”

आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, टेबलाजवळ उभं राहून पाय दुखायचे. दुसरी म्हणाली, पाय कसले, मशिनीवर जेवढं शिवंल तेवढे पैसे, सुपरवायझरला ठरलेले. तिसरी म्हणाली, मी कुटं आले, मला पाठवलं. चौथी तिच्यावर ओरडली, “पाठवलं न्हाय अक्का, तूच रडून आलीस.” “मी रडले? तू बघायला होतीस व्हय?” एक जण तेलुगूत काहीतरी बोलली, त्यावर सगळ्या गप्प झाल्या आणि मग आणखी मोठ्यानं भांडायला लागल्या. मी खिशातून पेन काढलं होतं, सवयीनं. कुणाचं लिहू हे कळेना. एकीचं बोलणं दुसरी खोडत होती, आणि खोडलेलंही खोटं वाटत नव्हतं. माझा साचा इथं असता तर पाचव्या मिनिटाला वाक्य तयार झालं असतं. पेन परत खिशात ठेवलं.

शांताबाई त्या गलक्यात बोलल्या नव्हत्या. डबा पुसून झाकण लावता लावता म्हणाल्या, “एक सांगा. तुमी लिवलं. तिनं वाचलं. तिला पटलं न्हाय. मग ती गप का बसली?”

“मी म्हटलं, असंच लिहायचं असतं.”

“तुमी म्हटलं आन ती गप बसली.”

“हो.”

“मग आमाला पण साहेब म्हणायचे, असंच करायचं असतं.” त्या उठल्या. पुढं काय म्हणणार होत्या ते मला ऐकायचं होतं. पण नरसूबाईंच्या शेजारून जाताना एवढंच म्हणाल्या, “ये इकडं. तिथं भिंतीला काय सांगती?” नरसूबाईंनी डबा उचलला आणि सरकून मधे येऊन बसल्या. सुट्टी संपायला आली होती. त्यांना दोन घास मिळाले असतील.

भोंगा झाला. बायका आत निघाल्या. मी शांताबाईंना विचारलं, “अंबिकाला काय सांगू?”

“पाठवा उद्या तिला.”

“बरं.”

“पण तुमी येऊ नका.”

हे सगळं मी आज छापून देतो आहे, कारण शेडमधल्या त्या बायकांनी ऐकलं, पण ज्यांनी ते वाक्य इतर ठिकाणी ऐकलं असेल त्यांच्यापर्यंत मी पोचू शकत नाही. तेव्हा पुन्हा एकदा स्पष्ट लिहितो. महिला शिलाई कामगारांमध्ये आत्मविश्वासाचा अभाव आढळतो, असं त्या मुलीनं कधी पाहिलं नाही, म्हटलं नाही. मीही पाहिलं नाही. प्रशिक्षण अजून बंदच आहे, तेही माझ्या या लिहिण्यानं सुरू होईल असं दिसत नाही. ज्यांची निवेदनं मी लिहिली त्यांनी घाबरू नये, नावं घेणार नाही. दुकान मी बंद केलं आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे की गुडघ्यांशी, हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

अंबिका दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. आता रोज जाते. संध्याकाळी कधी आमच्या घरी येते, आमच्या हिच्याशी स्वयंपाकघरात बोलत बसते. शेडमध्ये काय बोलणं झालं, त्या परत का आल्या, हे तिला थोडंफार कळलं असावं, कारण हल्ली तिच्या वहीत पाठपोट लिहिलेलं दिसतं.

मी तिला विचारलेलं नाही.